एकशे तेरावा कॉम्प्युटर

साईनाथ गायकर आमच्या कंपनीत अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. या अकरा वर्षांत दोन एचआर मॅनेजर आले आणि गेले, दोघांच्या निरोपसमारंभाला प्रोजेक्टर साईनाथनेच लावला, आणि दोघांनीही जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं की पुढच्या एप्रिलमध्ये तुझं पर्मनंटचं पत्र नक्की. एप्रिल यायचा, आंबे यायचे, पत्र यायचं नाही. तो आपला हसायचा. एवढं हसणारा माणूस मला मुळात आवडत नाही, पण साईनाथ आवडायचा, कारण त्याला काम येत होतं. आमच्याकडे ही गोष्ट दुर्मीळ आहे.

डोंबिवलीजवळ मानपाड्याला आमचा कारखाना आहे. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं आम्ही बनवतो आणि ती नीट बनली की नाही हे मी तिथल्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं तपासते आहे. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. आहेच. ती आधी कधी कुणाच्या पोटावर आली नव्हती, म्हणून मला तिचा थोडा अभिमानही होता.

कंपनीत एकशे तेरा कॉम्प्युटर. ते सगळे साईनाथच्या अंगावर. शिवाय प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा, वजनकाट्यावरचं पावतीचं यंत्र. कुणाच्या मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायचा असला तरी साईनाथ. जेवायच्या सुट्टीत त्याचा डबा अर्धा उघडा असायचा आणि तो कुणाच्या तरी टेबलाखाली वायरी चाचपत असायचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हेड ऑफिसला सुरक्षेचे डोहाळे लागले. हेड ऑफिस ठाण्याला, घोडबंदर रोडवर, काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मंडळींना रसायनं शिजवायचा रिअॅक्टर म्हणजे स्वयंपाकघरातला मोठा मिक्सर वाटत असावा. त्यांनी ठरवलं की प्रत्येक कॉम्प्युटरवर एक पहारेकरी सॉफ्टवेअर बसवायचं. बाहेरच्या चोरांपासून ते आपलं रक्षण करणार. चोर कधी यायचा तो येवो, तोवर पहारेकऱ्याने घरच्या माणसांची झडती घ्यायला सुरुवात केली. पाच मिनिटांत निघणारा माझा रिपोर्ट पंचवीस मिनिटांत निघू लागला. वजनकाट्याचा कॉम्प्युटर दिवसातून चारदा थिजायचा आणि ट्रकांची रांग थेट रस्त्यावर जायची. ट्रकवाले गेटवरच्या माणसाला जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचे स्टोअरचे गोपीनाथ, त्यांनी त्या सॉफ्टवेअरचं बारसं केलं. म्हणाले, "हा तर जावई आहे. काम शून्य, मान पहिला, आणि रुसला की सगळं घर बंद." तेव्हापासून सगळी कंपनी त्याला जावईच म्हणू लागली. "जावई झोपलेत का?" "नाही हो, जेवतायत." असं आमचं चालायचं.

हेड ऑफिसमध्ये या जावयाचा पाठीराखा म्हणजे आर्यन. वय एकोणतीस, हुद्दा सुरक्षाप्रमुख. त्याच्या टेबलावर एक मोठा पडदा होता आणि त्या पडद्यावर प्रत्येक कॉम्प्युटरचा एक ठिपका. जावई बसला की ठिपका हिरवा, नसला की लाल. त्या मुलाचं अख्खं शहाणपण त्या दोन रंगांत मावलं होतं. वर्षातून एकदा तो आमच्याकडे यायचा, नाकाला रुमाल लावून लॅबच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "मॅम, ऑल ग्रीन ना?" मी म्हणायचे, "हो, फक्त मी तेवढी लाल आहे."

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण जावई कंट्रोल रूममध्ये पोचला.

कंट्रोल रूममध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे. रिअॅक्टरमधलं तापमान त्याच्या पडद्यावर दिसतं, आणि ते वाजवीपेक्षा वर गेलं की भोंगा वाजतो. आमच्या एका रसायनाच्या बॅचमध्ये तापमान एकदा फार वर गेलं तर ते खालीच येत नाही. मग काय होतं हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही. स्फोटानंतर खिडक्यांच्या काचा नव्याने बसवलेली घरं इथे पुष्कळ आहेत.

जावई बसल्याच्या दुसऱ्या आठवड्यात रामा ड्युटीवर होता. रामा आमचा सर्वांत जुना ऑपरेटर, शिक्षण सातवी, अक्कल आर्यनच्या दसपट. पडद्यावर बासष्ट अंश. पाच मिनिटांनी बासष्ट. दहा मिनिटांनीही बासष्टच. रामाला संशय आला. तो उठून थेट रिअॅक्टरपाशी गेला आणि तिथल्या काट्याच्या तबकडीत पाहिलं, तर काटा एकोणऐंशीवर. जावईबापू झडती घेत बसले होते आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला होता. रामाने गार पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडला, मग येऊन माझ्या लॅबच्या पायरीवर बसला. साईनाथ त्याच्यासाठी पाणी घेऊन आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला न हसता पाहिलं.

साईनाथने हेड ऑफिसला मेल केला. या एका कॉम्प्युटरला जावयातून सूट द्या. उत्तर आलं, "धोरणात अपवाद नाही." त्याने कारण लिहून परत मेल केला. उत्तर आलं, "कृपया मागील मेल पाहावा." असे चौदा मेल झाले. चौदाव्याला आर्यनने फोन केला आणि म्हणाला, "साईनाथ, यार, एक रेड डॉटमुळे माझा पूर्ण ग्राफ खराब होतो."

साईनाथ माझ्याकडे आला. दार लावलं.

"मॅडम, मी एक करू का? चुकीचं आहे."

"काय?"

"स्टोअरमध्ये एक भंगार मशीन पडलीये. तिला कंट्रोल रूमच्या मशीनचं नाव देतो, तिच्यावर जावई बसवतो, आणि माझ्या केबिनमध्ये चालू ठेवतो. त्यांना तिथे ग्रीन दिसेल. आणि खरी मशीन नेटवर्कमधूनच काढून टाकतो. बाहेरून वायरच नाय जाणार तिच्यात, तर व्हायरस येणार कुठून?"

"मग यात चुकीचं काय आहे?"

"खोटं आहे ना, मॅडम. पकडलो तर पर्मनंट सोडा, आहे तेपण जाईल."

मी म्हटलं, "कर. त्या गाढवांना काय कळणार आहे?"

त्याने केलं. त्याच्या केबिनमधल्या फळीवर ते भंगार खोकं दोन वर्षं चालू राहिलं. त्याच्यावर काहीच काम नव्हतं. जावयाला हवं तसं सासर मिळालं होतं. ठाण्याला ठिपका हिरवा. इकडे रामाचा पडदा खरं तापमान दाखवत राहिला. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती, साईनाथ, रामा आणि मी.

यंदा जूनमधल्या एका सोमवारी, सकाळी पावणेदहाच्या सुमाराला, जावयाला ठाण्याहून नवा आहेर आला. अपडेट म्हणतात त्याला. माझा पडदा निळा झाला. बंद पडला, आपोआप चालू झाला, पुन्हा निळा. शेजारच्या टेबलावरच्या जोविटाचाही तसाच. मग बाहेर आरडाओरडा. वजनकाटा बंद, गेट बंद, स्टोअर बंद, ऑफिस बंद. दहा मिनिटांत एकशे बारा कॉम्प्युटर आडवे, साईनाथच्या फळीवरचं भंगार खोकं वेगळंच. ज्याने रक्षण करायचं त्यानेच सगळ्यांना एका दमात झोपवलं. एवढं काम चोराला जन्मात जमलं नसतं.

रिअॅक्टरमध्ये बॅच चालू होती. मी कंट्रोल रूमकडे धावले. रामा खुर्चीत बसलेला, समोर पडदा शांत, अठ्ठावन्न अंश. दहा वाजून वीस मिनिटांनी गार पाण्याचा पंप बंद पडला. तो का पडला हा वेगळा विषय, पंप आमचे पडतच असतात. तापमान चढायला लागलं आणि भोंगा वाजला. रामाने दुसरा पंप चालू केला. चार मिनिटांत सगळं जागेवर. एवढंच घडलं. भोंगा वाजला नसता तर काय घडलं असतं याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. नंतर केला, आणि अजून करते.

इकडे साईनाथ एकेका कॉम्प्युटरपाशी जात होता. प्रत्येक कॉम्प्युटर उघडायला अठ्ठेचाळीस आकड्यांची एक किल्ली लागते. या किल्ल्या कुठे, तर सर्व्हरमध्ये. सर्व्हर कुठे, तर तोही निळा. पण साईनाथने त्या सगळ्या किल्ल्या एका लांब वहीत हाताने लिहून ठेवल्या होत्या. कागदावर काही लिहायचं नाही असा हेड ऑफिसचा सक्त नियम, आणि तो नियम मोडून हा माणूस फावल्या वेळात आकडे उतरवत बसला होता, शाळेतल्या मुलाने पाढे लिहावेत तसे. जोविटा आकडे वाचत होती, तो टाइप करत होता. गुडघे टेकून, वाकून, दुपारी न जेवता. संध्याकाळी सहाला आमचा शेवटचा कॉम्प्युटर चालू झाला. ठाण्याचं काचघर तिसऱ्या दिवशी उघडलं, आणि तेसुद्धा साईनाथने फोनवरून एकेक पायरी सांगितली तेव्हा.

आता माझ्याबद्दल लिहायचं आहे. हे टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

गोपीनाथांना बॅनरची हौस आहे. आमच्या भागात कुणाचा वाढदिवस असो, कुणी बारावी पास होवो, कुणी नगरसेवकाच्या शेजारी उभा राहो, चौकात बॅनर लागतो. गोपीनाथ म्हणाले, साईनाथचा सत्कार झाला पाहिजे, शाल, श्रीफळ आणि गेटवर बॅनर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मजकूर कुणी लिहायचा? भावना मॅडमनी, म्हणजे मी. मॅडमची भाषा चांगली.

मॅडमनी लिहिलं. ‘एकशे बारा पडले, एक उभा राहिला! हेड ऑफिसच्या जावयाला कंट्रोल रूमच्या दारातच अडवणारे आमचे श्री. साईनाथ गायकर यांचे हार्दिक अभिनंदन!’

साईनाथने प्रूफ बघितलं. चेहरा उतरला त्याचा. "मॅडम, सत्कार करा, पण ही लाइन नको. अडवणारे नको."

"अरे, घाबरतोस काय एवढा? त्यांची नाकं कापली गेलीत. तोंड आहे का त्यांना काही बोलायला?"

"तरी पण नको, मॅडम."

"तू गप्प बस. सत्कारमूर्तीने बोलायचं नसतं."

लोक हसले. तोही हसला. ती ओळ राहिली.

आज खरं सांगते. मला साईनाथचं कौतुक होतं, पण ती ओळ मी कौतुकासाठी लिहिली नव्हती. मला त्या नाकाला रुमाल लावणाऱ्या पोराला खिजवायचं होतं. त्याच्यापर्यंत ती पोचावी अशी माझी इच्छाच होती. सत्काराच्या दिवशी मी भाषणही केलं, जावयावर दहा मिनिटं, आणि टाळ्या घेतल्या. साईनाथ शाल पांघरून, हातात नारळ घेऊन, जमिनीकडे बघत उभा होता. फोटो निघाले. ज्याने त्याने आपल्या स्टेटसला लावले. तासाभरात ते ठाण्याला पोचले.

आर्यन चौकशीला आला तो चौथ्या दिवशी. बरोबर एचआरची एक बाई. चौकशी कशाची, तर एकशे बारा कॉम्प्युटर का पडले याची नव्हे. एक का पडला नाही याची.

"हा सिस्टम आमच्याकडे ग्रीन दिसतो," आर्यन म्हणाला. "ग्रीन होता, तर क्रॅश व्हायला पाहिजे होता. का नाही झाला?"

साईनाथला सांगता आलं असतं की अपडेट त्या मशीनवर पोचलंच नाही, नशीब. दोन वर्षं हिरवा ठिपका पाहून खूश राहिलेल्या माणसाला तेही पटलं असतं. पण आर्यनने बॅनरचा फोटो टेबलावर ठेवला. मोठा, रंगीत. ‘अडवणारे’ या शब्दाखाली लाल रेघ मारलेली.

मी म्हटलं, "ते मी लिहिलंय. आणि ते मशीन वेगळं काढायलाही मीच सांगितलं."

"मॅम, तुमच्याकडे अॅडमिन पासवर्ड आहे?"

"नाही."

"मग तुम्ही कसं करणार? प्लीज." तो हसला. मला उद्देशून तो पहिल्यांदाच हसत होता.

"हा कॉम्प्युटर बंद पडला असता तर आज तुम्ही इथे चौकशीला नाही, पंचनाम्याला आला असतात," मी म्हणाले.

एचआरच्या बाईने ते लिहून घेतलं. माझ्या फाइलसाठी.

रामाला बोलावलंच नाही. सातवी शिकलेला ऑपरेटर तांत्रिक बाबतीत काय सांगणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. आठ दिवसांनी अहवाल आला. एकशे बारा कॉम्प्युटर ‘धोरणानुसार सुरक्षित’. एक कॉम्प्युटर ‘गंभीर उल्लंघन’. जे पडले ते शहाणे, जो उभा राहिला तो गुन्हेगार. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होते, पण इथे फाशी दिल्याचा दाखला चोराच्याच सहीने मिळाला. साईनाथचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं. हाताने लिहिलेली वही जप्त केली. मला सौम्य भाषेचं एक पत्र मिळालं, माझ्या भाषेबद्दल. मी पर्मनंट. निवृत्तीला चार वर्षं. माझ्या केसालाही धक्का लागला नाही.

जाण्याआधी साईनाथला शेवटचं काम दिलं. कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला नेटवर्क जोडायचं आणि जावई बसवायचा. त्याने बसवला. सगळं नीट केलं, स्क्रूसुद्धा परत घट्ट केले. मग रामाला म्हणाला, "काका, पडद्यावर भरवसा नका ठेवू. दर पाच मिनिटांनी उठून डायल बघा." रामा आता दर पाच मिनिटांनी उठतो. त्याचे गुडघे दुखतात.

महिनाभर मी साईनाथला फोन केला नाही. काय म्हणणार होते? मग एका सोमवारी सकाळी सातलाच, कंपनीची बस यायच्या आधी, त्याच्या घरी गेले. मानपाडा गावात आतल्या बाजूला घर आहे. ओटीवर पाऊल ठेवलं आणि समोर तो बॅनर. गेटवरचा दुसऱ्या दिवशी उतरवला होता, हा गोपीनाथांनी गावच्या नाक्यावर लावलेला दुसरा. कुणीतरी तो काढून आणून भिंतीभर खिळ्यांनी ठोकला होता. धूळ पुसलेली दिसत होती.

साईनाथची आई, शेवंतीबाई, बाहेर आली. मी नाव सांगितलं तशी तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुमीच ना त्या लॅबच्या मॅडम? साईनाथ बोलला मना, ता तुमीच लिवलंय."

"हो. मीच."

"मना वाचता नाय येत, बाय. नातू वाचतो, पन घाईघाईत. तुमी वाचा ना यकदा. तुमचेच तोंडून."

साईनाथ आतून आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, हातात डबा. मला पाहून थबकला. मग त्याने अगदी हळू मान हलवली, नाही अशी. तेव्हा मला कळलं की घरात त्याने काही सांगितलेलं नाही.

मी वाचलं. एकशे बारा पडले, एक उभा राहिला. पुढची ओळही वाचली. ‘अडवणारे’ वाचताना माझा आवाज कसा झाला मला माहीत नाही, पण म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अजून यकदा." मी अजून एकदा वाचलं.

"चला मॅडम, बस येईल," साईनाथ म्हणाला.

आम्ही नाक्याकडे चालू लागलो. मी विचारलं, कुठे जातोस दिवसभर?

"कल्याणला. लायब्ररीत बसतो. अर्ज करतो." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, "तीन ठिकाणी सिलेक्शन झालं होतं मॅडम. पण ते जुन्या कंपनीला फोन करतात. हे सांगतात, सिक्युरिटीचा भंग केला. कॉम्प्युटरच्या माणसाबद्दल असं सांगितलं की कोण घेणार?"

"साईनाथ, माझं चुकलं. फार चुकलं."

"असू दे, मॅडम," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला अकरा वर्षं बावळट वाटत आलं होतं. त्या वेळी ते बघवेना.

बस आली. मी चढले. साईनाथ डबा घेऊन खालीच उभा राहिला, रस्त्यापलीकडच्या कल्याणच्या थांब्याकडे बघत. ड्रायव्हर नवा होता, त्याला काही माहीत नव्हतं. कंपनीतलाच माणूस दिसतोय म्हणून त्याने दार उघडंच ठेवलं आणि आरशातून मला विचारलं, "मॅडम, ते नाय येत का?"

बस भरलेली होती आणि सगळे ओळखीचे होते. शाल घालताना टाळ्या वाजवणारेही त्यात होते. ज्याने त्याने आपापल्या मोबाइलमध्ये मान घातली. मग मीच म्हणाले, "नाही येत. त्याला काढलंय. माझ्यामुळे. चला."